औषधाला न जुमानणारी

यंत्राने बुरशीचं नाव सांगितलं: कँडिडा हीम्युलोनाय. अहवालावर सही करून पुढच्या नमुन्याकडे वळायला तेवढं पुरेसं होतं. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांचे सहकारी मात्र तिथे थांबले. डीएनए वाचल्यावर ती निघाली कँडिडा ऑरिस. 2009मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानात ती पहिल्यांदा सापडली होती. दिल्लीतल्या दोन रुग्णालयांमधल्या बारा जणांमध्ये ती मिळाली, फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या औषधाला ती दाद देत नव्हती आणि सगळ्यांकडची एकाच वंशाची होती. म्हणजे प्रत्येकाकडे ती वेगळी उपजली नव्हती, पसरली होती. हा शोधनिबंध 2013चा. जागतिक आरोग्य संघटनेने 2022मध्ये घातक बुरशींची पहिली यादी काढली, तेव्हा त्यातल्या सर्वांत गंभीर चारांत ही होती.

बुरशीवरची औषधं इतकी थोडी का, याचा विचार केला की जरा चमत्कारिक वाटतं. जिवाणू आपल्याहून फार वेगळा, त्यामुळे त्याला मारताना आपल्याला सहसा धक्का लागत नाही. बुरशी मात्र पेशीच्या घडणीने आपल्या जवळची नातलग, म्हणून हा लढा भाऊबंदकीसारखा: तिच्यावर घातलेला घाव आपल्यावरही येतो. तिच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीत कोलेस्टेरॉल. एवढ्याशा फरकावर बहुतेक औषधं उभी आहेत. म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगाच्या साथीत ज्याच्यासाठी नातेवाईक दुकानोदुकानी धावत होते ते अँफोटेरिसिन याच फरकाचा फायदा घेतं, आणि फरक पुरता नसल्यामुळे मूत्रपिंडाला त्रासही देतं. औषधांचे प्रकार मोजायला एका हाताची बोटं पुरतात. त्यातला एक निकामी झाला, तर डॉक्टरच्या हाती फारसं उरत नाही.

चौधरींच्या कामातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की रोग्याच्या खाटेपाशी दिसलेल्या प्रश्नाचा माग काढत त्या रुग्णालयाबाहेर गेल्या. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही हवेतून फुप्फुसात जाणारी बुरशी. तिच्यावर अझोल गटातली औषधं देतात. ज्यांनी ती औषधं कधी घेतलीच नाहीत अशा रोग्यांमध्येही ही बुरशी प्रतिकार दाखवते, हे नेदरलँड्समध्ये नायमेखेनच्या पॉल व्हर्वाय यांच्या गटाने आधी दाखवलं होतं, आणि संशयाचं बोट शेतातल्या बुरशीनाशकांकडे होतं. भारतात चौधरींच्या गटाने कुंड्यांमधली, भातशेतीतली, चहाच्या मळ्यांतली माती तपासली. 2012च्या त्यांच्या निबंधात नेदरलँड्समध्ये दिसलेलेच जनुकीय बदल घेऊन बसलेली बुरशी आपल्याही मातीत असल्याचं आलं. पिकावर फवारायचं अझोल आणि रोग्याला द्यायचं अझोल यांची रासायनिक घडण सारखीच. बुरशीला दोन्ही एकच.

पुढे त्या गटाने अंदमानच्या किनाऱ्यावरचे नमुने घेतले. 2021मध्ये जाहीर झालं की कँडिडा ऑरिस तिथल्या खारट दलदलीत आणि वाळूत सापडली; रुग्णालयाबाहेर निसर्गात ती मिळण्याची ही पहिलीच वेळ. माणसांची वर्दळ असलेल्या किनाऱ्यावरची औषधांना न जुमानणारी होती. वर्दळ नसलेल्या दलदलीत सापडलेल्या दोन बुरशींपैकी एक मात्र औषधांना बळी पडणारी होती आणि आपल्या शरीराच्या तापमानात ती सावकाश वाढत होती. हवामान तापत चाललं तशी ही बुरशी उष्णतेला सरावली आणि माणसात शिरली, असा एक तर्क आर्तुरो कासादेवाल आदींनी 2019मध्येच मांडला होता. दलदलीतल्या एका नमुन्याने तो सिद्ध होत नाही. पण तो बाजूलाही सारता येत नाही.

हे सगळं दिल्ली-अंदमानचं म्हणून आपण निवांत राहावं, तर तसं नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत भुरी या रोगावर जे हेक्झाकोनॅझोल फवारतात, ते अझोलच. बागायतदाराला दोष देणं सोपं आहे, पण भुरीने घड गेले तर त्याचं वर्षच जातं. ज्याला दोष द्यावासा वाटतो तो आपला घरचा धंदा: गजकर्ण उठलं की मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणायची, चार दिवसांत खाज थांबली की कपाटात टाकायची. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइडही असतं. खाज थांबते ती त्याने, बुरशी आत राहतेच. ट्यूब शेजारणीलाही दिली जाते, वर प्रेमाने.

चौधरींच्या गटाने 2018मध्ये दिल्लीच्या रुग्णांतल्या गजकर्णाच्या बुरशीतही टर्बिनाफिन या औषधाला प्रतिकार दाखवला. त्या जातीला 2020मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिलं. आता ती युरोप-अमेरिकेतही पोचली आहे. टर्बिनाफिन चालेनासं झालं, की त्वचारोगतज्ज्ञ बहुतेक वेळा इट्राकोनॅझोल लिहून देतात, आणि ते कित्येक आठवडे घ्यावं लागतं. इट्राकोनॅझोल हेही भुरीवरच्या त्या फवाऱ्याच्याच गटातलं.