अपुरा डाव आणि पुढची पिढी

खेळाला नीतिविचाराच्या पंक्तीस बसवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडलेला मोक्षपट हे तिचे ठळक उदाहरण. पटावरच्या घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे, सद्गुणाच्या घरातून वर नेणारी शिडी, दुर्गुणाच्या घरातून खाली ओढणारा साप आणि कवड्यांच्या दानावर सरकणारी सोंगटी. एवढ्या अल्प सामग्रीवर जन्ममरणाचा सारा प्रवास घरातल्या पोराबाळांपुढे मांडला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडात रुळला, तेव्हा त्यातले तत्त्वज्ञान गळाले आणि सापशिडी तेवढी उरली. तेव्हा खेळातून विचार गळू शकतो. उलट, निव्वळ करमणुकीसाठी रचलेल्या खेळातून विचार वेचताही येतो. प्रस्तुत लेखात आम्ही हे दुसरे काम करू पाहत आहोत, आणि त्यासाठी निवडलेला खेळ आमच्या पिढीचा नसून आमच्या मुलांच्या पिढीचा आहे. त्याचे नाव ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. या खेळाच्या आधाराने आम्हांला जो प्रश्न तपासायचा आहे तो मात्र आपल्या घरोघरचा आहे: एका पिढीच्या हातून अपुरा राहिलेला डाव पुढच्या पिढीने पुरा करावा, असे मागण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना आहे काय?

प्रथम या खेळाची ओळख. तो काढणारी निन्टेंडो ही कंपनी जपानमधील क्योटो शहरात १८८९ साली स्थापन झाली, ती हाताने बनवलेले पत्ते विकण्यासाठी. आंबोली घाट उतरून सावंतवाडीस गेलेल्या वाचकांना तिथले लाखकामाचे गोल गंजिफे ठाऊक असतील. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस पाने असतात. अशाच एका पत्त्यांच्या परंपरेतून ही कंपनी विजेच्या खेळांकडे वळली. १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये हा खेळ विक्रीस आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, कोजी कोन्दो यांनी त्याला संगीत दिले. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असे एकूण बत्तीस टप्पे अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेले आहेत. आज भ्रमणध्वनीवर काढलेले एक साधे छायाचित्रही याहून कितीतरी अधिक जागा व्यापते. जागेची काटकसर इतकी की आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांची आकृती एकच आहे. फक्त रंग निराळा.

१९९० च्या दशकात या यंत्राच्या स्वस्त नकला भारतभर पोहोचल्या आणि टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत आपल्या भागातल्या मुलांनाही हा ‘मारिओ’ परिचयाचा झाला. खेळ ज्या प्लॅस्टिकच्या डबीत असे, तिला मुले ‘कॅसेट’ म्हणत. चित्र उमटेनासे झाले की कॅसेट काढायची, तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हा विधी घराघरांतून शिकला गेला. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे; आत मोजकेच खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. यंत्राला डाव जपून ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली की तासाभराची कमाई पुसली जाई आणि पुन्हा पहिल्या जगाच्या पहिल्या टप्प्यापासून आरंभ करावा लागे.

आता या खेळाच्या नियमांकडे पाहू. कारण कोणत्याही खेळाचे तत्त्वज्ञान त्याच्या कथेपेक्षा नियमांत अधिक असते. पहिला नियम दिशेचा. मारिओ उजवीकडे चालतो आणि त्याच्याबरोबर पडदा उजवीकडे सरकतो. पडद्याच्या डाव्या कडेआड जे गेले, ते गेले. तिथे राहिलेले नाणे, न फोडलेली वीट, हुकलेली वाट, यांकडे परत जाता येत नाही. डावी कड भिंतीसारखी उभी राहते. आपल्या घराण्यांना हा नियम समजावून सांगण्याची गरज नाही. सातारा, सांगली, कोकण अशा नाना ठिकाणांहून आपले पूर्वज या मुलखात आले. कोणी पेशवाईतील कामगिरीवर आले, कोणी व्यापारासाठी, तर कोणी स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात असलेल्या शहापुरात मागावर बसण्यासाठी. मूळ गावचे घर, तिथला जमिनीचा तुकडा, कुलदैवताच्या वाटेवरची ओळखीची माणसे, हे सारे हळूहळू डाव्या कडेआड गेले. वर्षातून एकदा दर्शनाला जाणे वेगळे आणि परत जाणे वेगळे.

दुसरा नियम मरणाचा. खेळाडूस आरंभी तीन जीव मिळतात. शंभर नाणी गोळा केली की आणखी एक. खड्ड्यात पडला की एक जीव जातो आणि तोच टप्पा आरंभापासून, क्वचित मध्यापासून, पुन्हा खेळावा लागतो. वरवर पाहता हा आपला पुनर्जन्मच. परंतु एक भेद मोठा आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की आपणा दोघांचेही अनेक जन्म होऊन गेले. मला ते सारे ठाऊक आहेत, तुला नाहीत. सामान्य जीवाचा पुनर्जन्म असा विस्मरणाचा आहे. मारिओचा पुनर्जन्म मात्र स्मरणाचा आहे. चित्रातल्या मारिओला काही आठवत नसेल, पण त्याला चालवणाऱ्या हाताला आठवते की तिसऱ्या नळकांड्यापलीकडे खड्डा आहे. खड्डे दर खेपेस तिथेच असतात, विटाही तिथेच. मोक्षपटात कवडीचे दान उलटे पडले म्हणून नशिबाला बोल लावता येतो. इथे तशी सोय जवळजवळ नाही. जग तेच, वाट तीच, बदलायचे ते फक्त आपण. संधी दुसऱ्यांदा मिळाल्याने कृतीचे मोल घटते, असा आक्षेप काही नीतिज्ञ घेतील. आम्हांस तसे वाटत नाही. विस्मरणाने मिळालेली दुसरी संधी ही केवळ पुनरावृत्ती. स्मरणासह मिळालेली दुसरी संधी हे शिक्षण.

तिसरा नियम फळाचा, आणि तो कठोर आहे. राजकन्येला सोडवण्यासाठी मारिओ प्रत्येक जगाच्या शेवटी एका किल्ल्यात शिरतो, तिथल्या राक्षसाला हरवतो आणि पुढे पाहतो तो राजकन्येच्या जागी तिचा एक सेवक. तो आभार मानतो आणि सांगतो की राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. हे एकदा नव्हे, सात वेळा घडते. आठव्या किल्ल्यात ती भेटते, तेव्हाही ती आणखी कठीण असा नवा डाव पुढे ठेवते.

सीमाभागातल्या वाचकाच्या मनात इथे काय येईल, हे आम्ही जाणतो. १९४६ साली बेळगावातच, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण म्हैसूर राज्यात गेलो. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्रत्येक दारापाशी आपल्याला आभाराचे चार शब्द मिळाले आणि पुढच्या दाराचा पत्ता मिळाला. त्या मागणीच्या गुणदोषांची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. ज्यांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला, लाठ्या खाल्ल्या, जीव दिला, त्यांच्याविषयी आदर बाळगूनच आम्ही एक वेगळा प्रश्न विचारतो. ज्या मुलाचा जन्म या साऱ्यानंतर झाला, ज्याची शाळेची प्रार्थना, मित्र, नोकरीची परीक्षा आणि कदाचित सासरही दोन भाषांत विभागलेले आहे, त्याच्या हाती आपण आपला डाव जसाच्या तसा देऊ शकतो काय?

या प्रश्नावर खेळातील एक छोटी तरतूद आम्हांला फार बोलकी वाटते. हा खेळ दोघांना खेळता येतो. पहिला खेळाडू मारिओ, दुसरा त्याचा भाऊ लुइजी. मारिओचा जीव गेला की लुइजीची पाळी येते. पण लुइजी मारिओ पडला त्या ठिकाणाहून आरंभ करत नाही. तो स्वतःच्या पहिल्या टप्प्यापासून निघतो. त्याची नाणी वेगळी, जीव वेगळे, जग वेगळे. मारिओने चौथ्या जगापर्यंत मजल मारली असली तरी लुइजीला त्याचा आयता लाभ नाही. आणि मारिओने सारे जीव गमावले असले तरी त्याचे ओझेही लुइजीवर नाही. मग दोघांनी शेजारी बसून खेळण्यात अर्थ काय? अर्थ हा की दुसऱ्याने पहिल्याचा खेळ पाहिलेला असतो. खड्डा कुठे, उडी केव्हा, कुठल्या विटेत काय दडले आहे, हे त्याला आपला जीव न गमावता कळलेले असते. भावाकडून भावाला डाव मिळत नाही, पाहणे मिळते.

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. काही कार्ये एका आयुष्यात मावतच नाहीत. आपल्या शहरातले सार्वजनिक वाचनालय १८४८ साली सुरू झाले. दर पिढीने आपला डाव पहिल्या टप्प्यापासूनच मांडायचा म्हटले असते, तर ते केव्हाच बंद पडते. शिवाय आपले शास्त्र तीन ऋणे सांगते: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. जन्मतःच जो ऋणी आहे, त्याला ‘तुझा डाव वेगळा’ असे कसे म्हणावे?

आक्षेप मानण्यासारखा आहे. पण त्याच्यातच त्याचे उत्तरही आहे. ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने. ऋषींचे अपुरे सत्र तेच पुरे करावे, असे कोणी सांगितलेले नाही. त्यांनी जे जाणले ते जाणून घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे. वाचनालय टिकले तेही प्रत्येक पिढीतील काही माणसांना ते स्वतःला हवेसे वाटले म्हणून. आजोबांनी वर्गणी भरली, एवढ्या कारणावर नातू वर्गणी भरत नाही. त्या कपाटातले एखादे पुस्तक त्याला सापडावे लागते. वारसा घेणाऱ्याच्या इच्छेने पुरा होतो. देणाऱ्याच्या आग्रहाने दिलेली वस्तू घरात राहते, पण ती माळ्यावर राहते.

एक आडवाटही इथे नोंदवली पाहिजे. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात, छताच्या वरून चालत गेल्यास तीन नळकांडी लागतात. त्यांतून थेट दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या जगात जाता येते. आपली कित्येक मुले अशा वाटेने पुण्यास, बेंगळुरास, समुद्रापार गेली. काही वडीलधारे याला पळवाट म्हणतात. खेळाने मात्र ती वाट स्वतःच ठेवलेली आहे, आणि ती घेणारा नियम मोडत नाही. मधली जगे त्याने पाहिली नाहीत, एवढेच खरे. ती कशी होती हे त्याला सांगणे हे आपले काम. त्याला परत बोलावणे हे आपले काम नव्हे, कारण पडदा त्याच्यासाठीही उजवीकडेच सरकतो.

तेव्हा आमच्या मते वडीलधाऱ्यांना डाव सोपवण्याचा अधिकार नाही, पण डाव दाखवण्याचे कर्तव्य आहे; आणि हे कर्तव्य दिसते त्याहून अवघड आहे. दाखवायचे तर सारे दाखवावे लागते. आपण मोर्चे सांगतो, त्यानंतरची भाऊबंदकी गाळतो. मराठी शाळेचा अभिमान सांगतो, पण आपल्याच नातवंडांना इंग्रजी माध्यमात घालताना केलेला विचार बोलून दाखवत नाही. ज्याने केवळ आपल्या उड्या दाखवल्या आणि खड्डे झाकले, त्याच्या शेजारी बसून कोणता लुइजी काय शिकणार? घरातली जुनी पत्रे, दप्तरे, मोडी कागद, ठरावांच्या प्रती मुलांपुढे ठेवाव्यात. काय साधले, काय फसले आणि कशाचे अजून आपल्यालाच कोडे आहे, हे मराठीतूनच, न चिडता सांगावे. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना ‘तुला काय कळतंय’ हे उत्तर देऊ नये. एवढे झाल्यावर त्यांनी तोच किल्ला निवडला तर आनंद. दुसरा निवडला तर त्यांच्या शेजारी बसून पाहण्याची तयारी आपली असावी. त्या पाहण्यातून आपल्यालाही, या वयात, एखाददुसरा खड्डा नव्याने कळेल.