मामांचं नाव काय?

आमच्या विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र विभागाच्या वेबसाइटवर ‘विभागातील घडामोडी’ असं एक पान आहे. गेली तीन वर्षं ते मी लिहिते. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवते, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाला कोणी ‘तुला कम्प्युटरचं जमतं ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो सर’ हेच असतं. विद्यापीठाचं नाव इथे लिहीत नाही. जुलैमध्ये माझी ऑर्डर पुन्हा निघायची आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

या पानावर काय असतं ते तुम्हाला ठाऊकच असेल. अमुक सरांचा पेपर प्रसिद्ध झाला, हार्दिक अभिनंदन. तमुक मॅडमना प्रकल्प मंजूर, अभिनंदन. कोणी परिषदेला परदेशी गेलं, कोणाला पदोन्नती मिळाली, कोणी निवृत्त झालं. सोबत पुष्पगुच्छ हातात धरलेला फोटो. तीच बातमी छापून विभागाच्या सूचना फलकावरही लागते. नॅकची समिती आली की हे सगळं पुरावा म्हणून कामाला येतं, त्यामुळे ज्याचं प्रमाणपत्र अपलोड करता येतं ते आपोआप बातमी होतं. ज्याचं करता येत नाही ते घडलेलंच नसतं.

मे महिन्याच्या ३१ तारखेला आमचे मामा निवृत्त झाले. प्रयोगशाळा परिचर, नोकरी तीस वर्षांच्या वर. आठवडाभर आधी विभागप्रमुख म्हणाले, एक ओळ टाकून दे. मी लॅपटॉप उघडला, ‘आपल्या विभागातील’ इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. मामांचं नाव मला माहीत नव्हतं.

एमएस्सीची दोन वर्षं, पीएचडीची सहा आणि शिकवायला लागल्यापासूनची तीन, अशी अकरा वर्षं मी या माणसाला रोज पाहत होते. त्यांच्या मुलीचं लग्न कुठे झालं, त्यांना साखरेची गोळी किती वाजता घ्यावी लागते, हे मला माहीत होतं. नाव नाही. शेजारच्या टेबलावर विचारलं, त्यांनाही आडनावच आठवलं आणि तेही चुकीचं निघालं. शेवटी ऑफिसात जाऊन सेवापुस्तकातून पूर्ण नाव उतरवून आणलं.

आपल्याकडच्या कॉलेजांत शिपाई आणि परिचर हे ‘मामा’ असतात, झाडणाऱ्या बायका ‘मावशी’. हाक मारताना यात माया असते, ते खोटं नाही. नुसत्या आडनावाने पुकारण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण नातं जोडलं की नाव विचारायची गरज उरत नाही, हीही त्यातली सोय आहे. आम्ही कोणत्याच प्राध्यापकाला काका म्हणत नाही.

बातमी एका ओळीची नको, चार परिच्छेदांची करू, असं मी सुचवलं तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी जो आक्षेप घेतला तो मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणाले, बातमी म्हणजे काहीतरी विशेष. सगळ्यांचीच स्तुती करायची ठरवली तर तिला किंमत काय? मुद्दा चुकीचा नाही. दहावीत सगळ्यांनाच नव्वद टक्के पडायला लागले की नव्वदचं काय होतं ते आपण पाहतोच. पण मग मी जुन्या बातम्या काढून पाहिल्या. निवृत्त झालेल्या प्रत्येक प्राध्यापकावर अख्खं पान होतं. काहींनी खरंच मोठं काम केलेलं. काहींनी तीस वर्षं वेळेवर येऊन वेळेवर घरी जाण्यापलीकडे फार काही केलं नव्हतं, आणि त्यांच्याही पानावर ‘अतुलनीय योगदान’ होतं. म्हणजे चाळणी कामगिरीची नव्हतीच, पदाची होती.

इथपर्यंत मी बरीच नैतिक उंचीवर उभी होते. तिथून खाली यायला एक फाइल पुरली. माझा स्वतःचा प्रबंध.

माझं काम पातळ फिल्मच्या विद्युत रोधावर होतं. तापमान उतरवत न्यायचं, रोध मोजत जायचं. तिसऱ्या वर्षी माझ्या आलेखात एक उडी दिसायला लागली. कधी यायची, कधी नाही. मी चार महिने त्या उडीच्या मागे होते. तारा बदलल्या, संपर्काचे ठिपके पुन्हा लावले, नमुने नव्याने केले. गाइड म्हणाले, कदाचित हे खरंच असेल, काहीतरी नवीन सापडलं असेल. मला तर स्वप्नं पडायला लागली होती. एक दिवस मामा द्रव नायट्रोजनचा डबा घेऊन आले आणि म्हणाले, “ताई, तुमचं मशीन मंगळवार-शुक्रवारीच बिघडतं. प्लांट चालू असतो ना त्या दिवशी.” तळमजल्यावरचा नायट्रोजनचा प्लांट आठवड्यातून दोनदा चालायचा. त्याचा कॉम्प्रेसर आणि माझं उपकरण एकाच फेजवर होतं. मी वहीतल्या तारखा लावून पाहिल्या. सगळ्या उड्या मंगळवार-शुक्रवारच्या.

लाइन बदलली, उडी गेली, पेपर झाला. त्यात एक वाक्य आहे, की पुरवठ्यातल्या चढउतारामुळे येणारी त्रुटी शोधून दूर करण्यात आली. कर्मणी प्रयोग. कोणी शोधली? वाक्याला कर्ता नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी देवाचे आभार मानलेत, होस्टेलच्या मैत्रिणींचे मानलेत, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत ‘विभागातील सर्व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे’ मानलेत. सगळ्यांचे आभार मानणं ही कोणाचेच न मानण्याची सभ्य रीत आहे. शिवाय तो शब्द बघा, शिक्षकेतर. जो शिक्षक नाही तो. माणूस काय आहे हे न सांगता तो काय नाही एवढंच सांगणारा शब्द आपण सरकारी कागदावर वर्षानुवर्षं वापरतो.

त्या पेपरची बातमीही या पानावर लागली होती. हार्दिक अभिनंदन, फोटोसकट. फलकावर ती टाचण्या मारून लावली मामांनीच. विभागातली प्रत्येक बातमी तेच लावायचे.

विज्ञानाच्या इतिहासात श्रेय हुकल्याचं म्हटलं की जोसेलिन बेलचं नाव निघतं. केंब्रिजमध्ये पीएचडी करणारी विद्यार्थिनी. रेडिओ दुर्बीण उभारायला तिने स्वतः हातोडा चालवला, आणि १९६७मध्ये दुर्बिणीतून निघणाऱ्या कागदाच्या लांबलचक पट्ट्या डोळ्यांखालून घालताना तिला एक बारीकशी खरवड दिसली. तो पल्सार होता. १९७४चं नोबेल तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. पण मला जास्त छळते ती पुढची गोष्ट. १९७७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भाषणात तिने स्वतःच सांगितलं, की संशोधक विद्यार्थ्यांना नोबेल फक्त अगदी अपवादात्मक प्रसंगी द्यावं आणि आपला प्रसंग तसा आहे असं तिला वाटत नाही. २०१८मध्ये तिला तीस लाख डॉलरचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सगळी रक्कम तिने विज्ञानात कमी संख्येने येणाऱ्या गटांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली.

ज्याच्यावर अन्याय झाला असं आपल्याला वाटतं तोच ‘नाही झाला’ म्हणाला, तर विषय संपतो का?

मामांचंही तसंच. मी त्यांना जाऊन सांगितलं, की तुमच्यावर लिहितेय, मंगळवार-शुक्रवारचंही लिहितेय. ते म्हणाले, “कशाला मॅडम? ते तर कोणालाही दिसलं असतं.” (मी शिकवायला लागल्यापासून ताईची मॅडम झाले आहे, कितीही सांगितलं तरी.) बराच वेळ मी हेच धरून बसले, की त्यांनाच नको आहे तर आपण का ओढावं? मग लक्षात आलं, मी त्यांचा विनय माझ्या सोयीने वापरतेय. त्यांना हार हवा की नको हा त्यांचा प्रश्न. पण माझ्या पेपरातलं वाक्य खरं आहे की अर्धवट, हा प्रश्न त्यांच्या इच्छेवर कसा टाकता येईल? आम्ही दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या अंकासाठी विद्यार्थ्यांचे जर्नल परत पाठवतो. कोणत्या तापमानाला, कोणत्या कंपनीच्या उपकरणाने मोजलं ते लिहितो. कोणाच्या डोळ्याला दिसलं हे मात्र उपकारात जमा करतो, नोंदीत नाही.

नोंद करता येते, याचं उदाहरण आमच्याच विषयात आहे. मँचेस्टरला रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी अल्फा कण म्हणजे हेलियम हे पक्कं केलं. त्यासाठी काचेची नळी इतकी पातळ हवी होती की अल्फा कण भिंतीतून आरपार जातील, आणि तरीही ती हवेच्या दाबाने फुटता कामा नये. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून कमी. ती फुंकली ऑटो बाउमबाख या काचकाराने. १९०९च्या त्या शोधनिबंधात, काही प्रयत्नांनंतर श्री. बाउमबाख यांना अशा नळ्या जमल्या, असं नावानिशी लिहिलेलं आहे. ऋणनिर्देशात कोपऱ्यात टाकलेलं नाही, प्रयोगाच्या वर्णनातच आहे. एक वाक्य, पण कर्त्यासकट. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन असल्यामुळे बाउमबाख स्थानबद्ध झाले. त्या काळात नील्स बोर तिथेच एका सहकाऱ्याबरोबर प्रयोग करत होते. बाउमबाख यांनी घडवलेलं त्यांचं उपकरण आग लागून निकामी झालं आणि ते पुन्हा घडवणारं कोणी उरलं नाही. थोड्याच दिवसांत सहकारी सैन्यात गेला आणि प्रयोग सोडून द्यावा लागला.

मामा गेल्यावर पहिल्याच आठवड्यात व्हॅक्यूम पंपाचं तेल कुठे ठेवलंय ते कोणाला सापडेना, हे ओघाने सांगून टाकते.

बातमी शेवटी दोन परिच्छेदांची झाली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कारण मामांनी तेवढं एक मागून घेतलं. प्लांटची गोष्टही गेली. इथे त्यांचं नाव लिहीत नाही, कारण विभागाच्या पानासाठी विचारलं होतं, इथल्यासाठी नाही. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाला. बातमीची प्रिंट फलकावर मी लावली, तिरकी लागली.

राहिला पेपर. जर्नलला पत्र लिहून ऋणनिर्देशात दुरुस्ती मागता येते का, ते विचारायचं आहे. पत्र तयार आहे, पाच ओळींचं. पण सहलेखक माझे गाइड आहेत, आणि तासिकांच्या नेमणुकीची समिती बसते तेव्हा तेही तिच्यात असतात. ते चिडतील असं नाही. कदाचित हसतील आणि म्हणतील, एवढ्यासाठी? एप्रिलमध्ये आमच्यातला एक तासिकावाला सहा वर्षांनी सोडून गेला, क्लासमध्ये शिकवायला. त्याची बातमी कुठल्याच पानावर आली नाही. पान मी लिहिते, तरी आली नाही. स्टाफरूममध्ये त्याचा कप अजून आहे.

पत्र गाइडना काल रात्री पाठवलं. सकाळी दोन निळ्या टिक दिसल्या. अजून उत्तर नाही.