पटावरचे आणि हजर

२०२३ च्या पावसाळ्यात आमची आई गेली. वय झाले होते, जाणे अपेक्षितच होते, आणि तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांना धीर देण्याचे काम मीच केले. बिघडले ते पुढे दीड-दोन महिन्यांनी. पहाटे तीनला जाग यायची. रामाकोन्याच्या घराच्या ओसरीत बसून कन्हानच्या बाजूचा अंधार पाहत राहायचे, एवढाच उद्योग. त्याच ऑक्टोबरात छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला, गावात त्यावरून केवढ्या चर्चा झडल्या, पण मला त्यातले एक वाक्य आठवत नाही. शाळेत कागदांवर सह्या होत होत्या. वर्गात मात्र बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सुटायचे आणि मुले एकमेकांकडे पाहायची.

माझा भाचा नागपूरला संगणकाच्या नोकरीत आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याने माझ्याकडे दोन दिवस नुसते पाहिले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या मोबाईलमध्ये एक कार्यक्रम बसवून दिला. "मामा, कोणाला सांगायचं नाही, कुठे जायचं नाही. रोज वीस मिनिटं." सुरुवातीला नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता, स्वतःविषयीचा कमीपणा, असे एकेक विचारून प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. जगभर वापरली जाणारी ही प्रश्नावली आहे. मला बारा पडले. दहा ते चौदा म्हणजे मध्यम. तीस वर्षे दुसऱ्यांना गुण देणाऱ्या माणसाला असे बारा गुण मिळाले, आणि खरे सांगतो, त्या बारा गुणांनी बरे वाटले. आपल्याला जे झाले आहे त्याला एक मोजमाप आहे, म्हणजे ते कोणालातरी ठाऊक आहे.

पहिला पाठ चांगला होता. दुसराही. मन खिन्न झाले की माणूस कामे सोडतो, कामे सोडली की आणखी खिन्न होतो, म्हणून मन लागण्याची वाट न पाहता आधी एखादे छोटे काम हाती घ्यावे, असे त्यात होते. हे शहाणपण खोटे नाही. तिसरा पाठ मी अर्धा केला. चौथा उघडला नाही. काही दिवस मोबाईल आठवण करीत राहिला, मग तोही गप्प झाला.

शाळेत आमचे एक भृत्य आहेत. ते रोज सकाळी कुलूप काढताना विचारायचे, "सर, रात्री झोप लागली का जी?" मी "हो" म्हणायचो. एक दिवस "नाही" म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारले. तिसऱ्याही दिवशी. आठव्या की नवव्या दिवशी मी नागपूरच्या डॉक्टरांकडे गेलो. तेच बरोबर आले होते.

एवढ्यावरून यंत्राची थट्टा करून मोकळे होता आले असते. तसे करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. माझ्या एकट्याच्या अनुभवावरून त्या कार्यक्रमाची किंमत ठरवणे म्हणजे एका मुलाची उत्तरपत्रिका पाहून वर्गाचा निकाल लावणे. त्याच पाठांनी कोणी सावरलेही असेल. ते कसे कळावे? पारख करूनच. आणि इथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो, जो गेली दोन वर्षे माझा पिच्छा सोडत नाही: खचलेल्या माणसावर दिलाशाचा प्रयोग करावा काय?

आमच्याकडे पुष्कळांना ही कल्पनाच रुचत नाही. सौंसरजवळ जामसावळीला निद्रिस्त मारुती आहे. मनाने आजारी असलेल्यांना घेऊन लोक दूरदूरून तिथे येतात. तिथे कोणी गुण मोजत नाही. मी तिथे अनेकदा गेलो आहे आणि घरच्यांना त्या माणसाशेजारी दिवसचे दिवस बसलेले पाहिले आहे. त्या बसण्याविषयी मला आदर आहे. पण "श्रद्धेची परीक्षा घेऊ नये" हे वाक्य मोबाईलमधल्या कार्यक्रमाला लावता येणार नाही. जो कार्यक्रम "मी नैराश्यावर उपाय आहे" असे म्हणतो, त्याने ते दाखवलेच पाहिजे. न पारखलेला दिलासा खचलेल्या माणसाच्या हाती देणे यात निष्ठुरपणा अधिक आहे. उपयोग झाला नाही तर तो उपायाला दोष देत नाही, स्वतःला देतो. मीही दिला होता. चार पाठही करता येत नाहीत, मग मुख्याध्यापक कशाला म्हणवतोस?

पारख करायची रीत आता ठरून गेली आहे. तयार असलेल्या लोकांची संमती घ्यायची, आणि कोणाला उपाय द्यायचा व कोणाला तूर्त नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. ग्रामपंचायतीत समान मते पडली की आपण ईश्वरचिठ्ठी काढतो, तशीच ही. निवड माणसाच्या हाती दिली तर तो बरा होण्याजोगाच रोगी आपल्या उपायाकडे ओढतो.

पण ज्यांची चिठ्ठी दुसऱ्या बाजूला गेली त्यांचे काय? माणसाला नुसते साधन म्हणून वापरू नये, असे कांट सांगून गेला; एम. ए. ला तत्त्वज्ञान घेतल्यामुळे तेवढे पक्के लक्षात आहे. ती माणसे केवळ तुलनेपुरती वापरली गेली काय? गोव्यात 'संगत' या संस्थेने केलेली पारख मला इथे महत्त्वाची वाटते. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रे, ४९५ रुग्ण, निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध. त्यांचे नैराश्य सौम्य नव्हते, तीव्रतेकडे झुकणारे होते. अर्ध्यांना प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांकडून सहा ते आठ बैठकींची मदत मिळाली. उरलेल्या अर्ध्यांनाही वाऱ्यावर सोडले नव्हते. त्यांचे गुण डॉक्टरांना कळवले होते आणि उपचाराचे मार्गदर्शन दिले होते. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ६४ टक्के सावरले, दुसऱ्यातले ३९ टक्के. हा दुसरा आकडा मी जपून ठेवला आहे. विशेष काही न मिळताही शंभरातले एकोणचाळीस सावरतात. तुलना केली नसती तर ते श्रेयही उपायाच्याच खात्यात गेले असते.

अशा पारखीने गरिबाचे भले झाल्याचेही उदाहरण आपल्याच देशात आहे. क्षयरोग्याला आरोग्यधामातच ठेवले पाहिजे, असे थोरथोर डॉक्टर मानत होते. मद्रासच्या केंद्राने अर्ध्यांना तिथे ठेवले, अर्ध्यांवर त्यांच्या झोपडीतच औषधोपचार केला, आणि १९५९ मध्ये जाहीर केले की घरचेही जवळजवळ तितकेच बरे झाले.

आता गैरहजरांविषयी. एक कबुली द्यायची आहे.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका शाळेत होतो. नाव सांगत नाही. तिथे दहावीचा निकाल शंभर टक्के लागे. त्याची युक्ती सोपी होती. नववीत कच्ची दिसणारी मुले नियमित म्हणून पुढे घ्यायची नाहीत, त्यांना 'स्वाध्यायी' म्हणून फॉर्म भरायला लावायचे. मध्य प्रदेशात बाहेरून परीक्षा देणाऱ्याला स्वाध्यायी म्हणतात. किती सुंदर शब्द! स्वतःचा अभ्यास स्वतः करणारा. एका वर्षी अशा सात मुलांच्या पालकांना समजावण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते चोख केले. शाळा शंभर टक्के राहिली.

स्वमदतीच्या कार्यक्रमांची जाहिरात वाचताना मला ती सात मुले आठवतात. "सर्व पाठ पूर्ण करणाऱ्यांपैकी इतक्यांना गुण आला." आणि पूर्ण न करणारे? चांगल्या पारखीचा नियम असा की पहिल्या दिवशी ज्याचे नाव लिहिले तो शेवटच्या हिशेबातही धरायचा, मग तो चौथ्या पाठाला हजर असो वा नसो. मोजणी पटावरून, हजेरीवरून नव्हे. हा संख्याशास्त्राचा नियम असेल. मला तो नीतीचा वाटतो.

तसे मोजले की चित्र पालटते. इंग्लंडमध्ये असे दोन कार्यक्रम नेहमीच्या डॉक्टरी उपचाराला जोड म्हणून ६९१ रुग्णांवर पारखले गेले. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा विशेष लाभ नाही. निम्म्याच्या आसपास लोक एक-दोन पाठांपुढे गेलेच नव्हते. त्यातला एक, ऑस्ट्रेलियात तयार झालेला 'मूडजिम', तिकडच्याच २००४ च्या ५२५ जणांवरील पारखीत चांगला उतरला होता. मग फरक कशाचा? कारणे अनेक असतील. पण एक गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही. त्या ऑस्ट्रेलियन पारखीत प्रत्येकाला दर आठवड्याला एका सामान्य माणसाचा फोन जात होता. अर्थात इंग्लंडातही फोन होते, म्हणून फोन म्हणजे जादू असे मी म्हणणार नाही. पुढे २०२१ मध्ये ३९ पारखी एकत्र करून पाहिल्या गेल्या, त्यात असे आढळले की सौम्य नैराश्यात एकट्याने केलेले पाठ आणि कोणी पाठीशी राहून करवून घेतलेले पाठ यांत फार अंतर पडत नाही. त्याहून जास्त असेल तर पाठीशी माणूस असण्याने फरक पडतो. माझे गुण बारा होते.

आपल्याकडे मनाला उपदेश करण्याची परंपरा जुनी आहे. समर्थांचे मनाचे श्लोक दोनशे पाच, आणि सारे स्वतःच्या मनाला उद्देशून. पण आमच्या लहानपणी ते दिवेलागणीला, चारजण बसून, मोठ्याने म्हटले जात. एखादा दिवस आलो नाही तर आजी विचारी.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलखाची. पारख कोणाच्या भाषेत झाली? बंगळुरूच्या निम्हान्सने सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी 'पुश-डी' नावाचा कार्यक्रम केला, पण तो मुळात इंग्रजीत. आमचे सरकारी कागद हिंदीत. त्यात 'अवसाद' लिहिलेले असते. मराठी वर्तमानपत्रात 'नैराश्य'. आणि घरात? आईने आयुष्यात दोन्ही शब्द उच्चारले नाहीत. बाबा गेल्यावर ती म्हणाली होती, "मन रमत नाही रे." प्रश्नपत्रिका ज्या भाषेत असेल त्या भाषेतलेच दुःख तिला गुण म्हणून मिळते. पांढुर्ण्याला लागून वरूड, म्हणजे अमरावती जिल्हा. त्या जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातलीच माणसे तयार करून घरोघर पाठवली. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेले. तुलनेला दुसरी गावे नव्हती, म्हणून त्याला गोव्यासारखी पारख म्हणता येणार नाही. इकडे आपल्या राज्यात सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना हे काम मोबाईलवरून शिकवता येते का, याची पारख झाली. मला ती वाट अधिक पटते: मोबाईल आशाताईच्या हाती, आणि आशाताई दाराशी. पण वरूड महाराष्ट्रात, सीहोर हिंदीत. आम्ही मधले कोणाच्याच पटावर नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तो मी शाळेच्या फलकावर दोन्ही भाषांत लिहून ठेवला आहे. फोन कोण करतो ते मला कळत नाही, आणि कळू नये हेच बरे.

गेल्या मृगाच्या सुमारास सौंसरच्या बसस्टँडवर एक गृहस्थ वाकून पाया पडले. केस पिकलेले, हातात संत्र्याच्या कलमांची जुडी. त्या सातांतला एक. चहा घेतला. मी धीर करून विचारले, "त्या वर्षी तू परीक्षा दिली होतीस का रे?"

"फारम भरला होता जी," तो हसून म्हणाला, "पेपरले गेलो नाई. कोनी विचारलंच नाई."

मग त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली, आणि छिंदवाड्याची गाडी लागली म्हणून उठला.