पिठाचा कोंबडा, पडद्यावरचं पिल्लू

यशोधर राजाची कथा आपल्यातल्या बहुतेकींना ठाऊक असते. आईच्या हट्टापायी त्यानं बळी दिला तो पिठाच्या कोंबड्याचा. तरी दोघांना कितीतरी जन्म पशुयोनीत फिरावं लागलं. रक्त सांडलं नाही, पण भाव मारण्याचाच ना! (कन्नडात जन्नानं १२०९ साली हीच कथा काव्यात लिहिली.)

पिक्सारचा २०१६ चा 'पायपर' हा सहा मिनिटांचा लघुपट बघताना मला ती आठवली. समुद्रकाठच्या पाखराचं पिल्लू लाटेला भितं, एवढीच गोष्ट. पिसं, ओली वाळू, फेस सगळं संगणकावर केलेलं, तरी जीव कळवळतो. यासाठी एकाही पाखराला पकडावं लागलं नाही, हे मोठंच. आणि पिठाच्या कोंबड्याचं पाप लागत असेल, तर या पिल्लाबद्दलची दयाही खरीच मानायला हवी.

पण पिल्लू शोधायला शिकतं ते काय? शिंपले. आपल्या हिशेबी द्वींद्रिय जीव. पिल्लाला टपोरे डोळे दिलेत, शिंपल्यांना नाहीत. म्हणून त्यांचा ढीग पडला की मुलं टाळ्या पिटतात. पाखराचा तोच आहार, त्याला बोल नाही. पण धान्य निवडताना सोंडा अलगद बाजूला काढणाऱ्या आपण, आपल्यातल्या कितीजणींना त्या शिंपल्यांची हळहळ वाटते?