जतन कशाचे?

खजरान्याच्या गणपतीला जाणाऱ्यांच्या ओठांवर मंदिराचे एक साल असते : १७३५. त्याच्या जोडीला अहिल्याबाईंचे नाव. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा; कारभार त्यांच्या हाती आला तो १७६७ मध्ये. दहा वर्षांच्या सुनेने मंदिर उभारले असे सहसा कोणी म्हणणार नाही. आकडा टिकला, तो कोणी, कशावरून मांडला हे त्याच्याबरोबर टिकले नाही. गणरायाच्या महतीला त्याने उणेपणा येत नाही, ही गोष्ट वेगळी.

हीच अडचण सामाजिक पाहण्यांच्या संगणकीय दप्तरखान्यांपुढे रोज उभी असते. मिशिगन विद्यापीठात १९६२ साली आणि इंग्लंडमध्ये एसेक्स येथे १९६७ साली असे दप्तरखाने निघाले. घरोघर जाऊन विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तेथे अंकांच्या रूपाने साठवली जातात. 'मुले किती?' या रकान्यात ९ असेल, तर ती नऊ मुले की 'उत्तर दिले नाही' याची खूण? संकेतांची वही हरवली की सारे अंक मुके होतात. शिवाय ज्या यंत्रावर ते वाचायचे ते यंत्रही जुने होते. १९८६ साली बीबीसीने ब्रिटनच्या लोकजीवनाची एक प्रचंड नोंद लेसर तबकड्यांवर केली. पुरती वीस वर्षेही झाली नव्हती तोच ती वाचणे दुर्घट झाले आणि संशोधकांना खटपट करून ती सोडवावी लागली. ज्या १०८६ च्या नोंदवहीच्या स्मरणार्थ हा खटाटोप होता, ती मात्र चर्मपत्रावर सुखरूप होती!

आपल्याला यात नवल वाटू नये. माळवा-प्रांती आलेल्या अनेक मराठी घराण्यांत मोडी कागदांची बासने आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा गेला. म्हणून संगणकीय दप्तरखाना दर काही वर्षांनी जुन्या नोंदी नव्या स्वरूपात उतरवतो आणि उतरवताना एकही अंक बदलला नाही ना, याचा ताळा घेतो. मोडीचे बालबोध करणाऱ्या लेखनिकाचेच हे काम, फक्त अखंड चालणारे.

पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली इंदूर दरबाराला नगररचनेचा द्विखंडी अहवाल दिला. प्लेगाने गांजलेल्या या शहरातील वस्त्या, गल्ल्या, पाणी यांविषयी त्यांनी जे पाहिले ते आजही वाचता येते. त्या गल्ल्यांत राहणाऱ्यांचे स्वतःचे बोल मात्र त्यात फार थोडे. उत्तरे जपली असती तर, असे मनात येतेच.

येथेच खरा पेच आहे. समजा, आज खजरान्याच्या एखाद्या गल्लीत कोणी पाहणी केली. एका बाईने घरातले आजारपण सांगितले, कर्ज सांगितले. 'तुमचे नाव कोठे येणार नाही' या शब्दावर विसंबून सांगितले. नाव गाळले तरी धंदा, वय, मुलांची संख्या एवढ्यावरून शेजारी तिला ओळखील. गल्ली लहान असते. मग पुसून टाकावे? तसे केले तर तिने दिलेला वेळ आणि विश्वास दोन्ही फुकट गेले. ती बोलली ती काही उपयोग व्हावा म्हणूनच. पण हा युक्तिवाद तिच्या वतीने आपण करतो, ती नव्हे, हे विसरता येत नाही.

ब्रिटनमध्ये जनगणनेचे घरवार तक्ते शंभर वर्षांनी खुले होतात. १९२१ चे २०२२ मध्ये झाले. आपला १९४८ चा जनगणना कायदा अशा नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाच देत नाही आणि वर्षांची मुदतही घालत नाही. मला पहिली रीत अधिक न्याय्य वाटते, मात्र अट अशी की कुलूप किती वर्षांचे, हे उत्तर घेतानाच त्या बाईला सांगितले पाहिजे. दिलेला शब्द हाही त्या नोंदीचाच भाग आहे. संकेतांच्या वहीच्या पहिल्या पानावर तो लिहावा आणि दर वेळी नव्या स्वरूपात उतरवताना अंकांबरोबर त्याचाही ताळा घ्यावा.