हांकेस ओ

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें पहाटे उठून दहा-बारा किलोमीटर धांवावें, हें दृश्य आमच्या वडिलांच्या पिढीस हास्यास्पद वाटलें असतें. वसई-विरार महानगरपालिकेनें 2011 सालीं मॅरेथॉनची शर्यत सुरू केल्यापासून मात्र आमच्या भागांत त्याचें नवल उरलेलें नाहीं. मीहि गेलीं कांहीं वर्षें पापडीहून निघून, गिरीज, निर्मळ करीत आगाशीच्या वाटेला लागतों. आरंभापासून माझ्या सोबतीला एक निवृत्त गुरुजी असत आणि खिशांतल्या लहानशा प्लेअरमधून कानांत येणारें संगीत असे. या दोन सोबत्यांपैकीं खरा सोबती कोणता, हा प्रश्न मला एका पावसाळी पहाटेपर्यंत पडलाच नव्हता.

त्या पहाटे गुरुजी माझ्यामागें पन्नास-साठ पावलांवर होते. त्यांचा पाय निसटला, ते पडले आणि त्यांनीं मला हांक मारली. मी पुढें धांवत राहिलों. माझ्या कानांत त्या वेळीं द्रुत लय सुरू झालेली होती. पुढच्या वळणावर मागें पाहिलें तों रस्ता रिकामा. परत गेलों तेव्हां एका दूधवाल्यानें त्यांस कडेला बसविलेलें होतें. मांडीचें हाड मोडलें होतें. त्याच पावसांत भिजून माझा प्लेअरहि बंद पडला. नवा घेणें आलें. आणि कोणता घ्यावा हा प्रश्न दुकानदारीचा न राहतां नीतीचा होऊन बसला.

प्रथम संगीताच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें म्हटलें पाहिजे. मध्यम वेगाच्या श्रमांत संगीतामुळें थकवा कमी जाणवतो, आणि वेग फार वाढला कीं शरीराचें गाऱ्हाणें संगीताहून मोठें होतें, हें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. आमच्या लोकांस त्यांतलें पहिलें प्रयोगांवांचूनच ठाऊक होतें. ओवीनें जातें हलकें होई. टाळमृदंगानें आळंदीहून पंढरपूरची वाट सरते. श्रम सुसह्य करून घेणें हा दुबळेपणा म्हणावयाचा, तर वारकऱ्यांसहि दुबळे म्हणावें लागेल. कोणी विचारील, बेळगांवचे फडेप्पा चौगुले 1920 सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन धांवले व 19वे आले, त्यांच्या कानांत काय होतें? परंतु जी वस्तु त्या काळीं नव्हतीच, तिचा त्यांनीं त्याग केला असें मानणें हा भाबडेपणा होय. पदकासाठीं धांवणाऱ्यास असें यंत्र वापरण्याची बंदी आज जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमांत आहे, हें खरें. पण तो प्रश्न स्पर्धेंतील न्यायाचा झाला. माझा प्रश्न शेजारधर्माचा आहे.

तेव्हां दोष संगीताचा नव्हे. मग भेद कोठें आहे? दिंडींतला टाळ एकाच्या हातांत असतो, पण त्याची लय मागच्याच्याहि पायांस मिळते; ओवी जात्याशीं बसलेल्या दोघींची असते. माझ्या कानांतलें गाणें शेजारच्या माणसास ऐकूं जात नाहीं, इतकेंच नव्हे, तर तो माणूस जवळ आहे हेंहि तें मला ऐकूं देत नाहीं.

गंमत अशी कीं ही शंका यंत्र करणारासच आधीं आली होती. सोनी कंपनीचा वॉकमन 1 जुलै 1979 रोजीं बाजारांत आला. एकट्यानेंच ऐकत बसणें कंपनीचे अकिओ मोरिता यांस असभ्यपणाचें वाटलें. म्हणून त्या पहिल्या यंत्रावर दोघांनीं ऐकण्याची सोय होती, आणि एक नारिंगी बटणहि होतें. तें दाबलें कीं संगीत मंद होई व जवळच्याचें बोलणें कानीं पडे. गिऱ्हाइकांस त्याची मातब्बरी वाटली नाहीं. पुढें तें बटण गेलें. आज बाहेरचा आवाज जितका पुरता बंद होईल तितकी यंत्राची थोरवी अधिक सांगतात.

नाद कोणाच्या मालकीचा, हा विचार वसईकरास नवा नाहीं. 1739 सालीं चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, त्यानंतर येथील चर्चांच्या कांहीं घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा त्यांपैकींच मानली जाते. घंटेचें गांव बदललें, देव बदलला. पण तिचा धर्म बदलला नाहीं. ती ज्याच्या मालकीची असेल त्याच्याहून, जो कोणी ऐकेल त्याची अधिक असते.

निसर्गानें डोळ्याला पापणी दिली, कानाला दिली नाहीं. समोरचें संकट डोळ्यास दिसतें. मागें राहिलेल्याची हांक कानावांचून पोंचत नाहीं. घरीं, एकांतांत, कान बंद करून घेण्याचा हक्क प्रत्येकास आहे. ज्याला आपण होऊन सोबतीला घेतलें त्याच्यासह वाटेवर असतांना तो हक्क उरत नाहीं, असें मला वाटतें.

दुकानदारानें पुढें केलेल्या प्रकारांतून मी गालाच्या हाडावर टेकणारा, कान मोकळा ठेवणारा प्रकार घेतला. त्यांत मंद्र स्वर पातळ लागतात. ती किंमत मी मोजली. गुरुजी आतां धांवत नाहींत, काठी टेकीत अंगणांत फिरतात. मीं त्यांस नवें यंत्र दाखविलें आणि मनांतलें बोललों. ते हंसून म्हणाले, “सर, तुम्हीं ऐकलें असतें तरी मी पडलोंच असतों.”

तें खरें आहे. माझ्या ऐकण्यानें त्यांचें हाड वांचलें नसतें. पण त्या पहाटे पावसांत पडल्या पडल्या त्यांनीं हांक मारली, तेव्हां तिला ओ मिळाली असती.