शाळेचे स्वराज्य आणि देखरेखीचा धर्म

1852 साली स्थापन झालेली पनवेलची नगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी महानगरपालिका झाली आणि आसपासची 29 महसुली गावे तिच्या हद्दीत आली. परंतु त्या गावांतील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचे हस्तांतर मात्र पुढे कित्येक वर्षे रेंगाळत राहिले. गाव महापालिकेचे आणि शाळा जिल्हा परिषदेच्या अलिबाग येथील दप्तरात, अशी ही विलक्षण अवस्था होती. इमारत कोणाच्या नावे, शिक्षकाचा पगार कोणत्या तिजोरीतून, हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. तथापि त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न धर्माचा आहे. मुलाच्या शिक्षणाचा अधिकार कोणाचा, आणि तो अधिकार चालवणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क कोणाचा?

शेजारच्या पेण तालुक्यातील गागोदे गावी 1895 साली जन्मलेल्या विनोबांचा आग्रह असा, की शिक्षण हे न्यायसंस्थेप्रमाणे सरकारच्या हुकमतीपासून मुक्त असावे. हा विचार मला अत्यंत प्रिय आहे. परंतु सरकारच्या हातून सुटलेली शाळा एखाद्या संस्थाचालकाच्या वा स्थानिक पुढाऱ्याच्या मुठीत गेली, तर मुलाच्या पदरी कोणते स्वातंत्र्य पडले?

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, अध्ययन पुरे करून निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात, की आमच्या आचरणातले जे चांगले असेल तेवढेच तू घे, इतर घेऊ नकोस. ज्याला आपण घडविले त्याच्याच विवेकापुढे गुरूने स्वतःस परीक्षेसाठी उभे करावे, याहून थोर देखरेख मला ठाऊक नाही; कारण ती दूरच्या अंमलदाराची नसून, शिक्षणाचे बरेवाईट फळ ज्याला भोगायचे आहे त्याची आहे. अशा देखरेखीने शिक्षकाचे स्वातंत्र्य खुंटत नाही, उलट त्याला अधिष्ठान लाभते. जिल्ह्याच्या कचेरीने हिशेब तपासावा, मूल वाचू-लिहू शकते की नाही हेही अवश्य पाहावे. ते कसे शिकवावे, याचे फर्मान मात्र काढू नये.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना आणि एकूण निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या, तेव्हा ज्यांच्या घरी शिक्षणाचे फळ जाते त्यांनीच देखरेख करावी, हा धर्म कलमांत उतरला. शाळा अलिबागकडे राहो वा पनवेलकडे येवो, त्या समितीच्या बैठकीला जाऊन केवळ सही करून परतू नका. आपले मूल काय शिकले, हे तेथे नीट विचारा.